संतूर: अमळनेरच्या कंपनीचा साबण, खानदेशच्या पाण्यात

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या किराणा दुकानात संतूरची वडी मागताना पुष्कळांच्या मनात एक हिशेब आधीच झालेला असतो: ‘आमना गावनी कंपनी’, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला जन्मलेली विप्रो. हा जिव्हाळा खरा आहे आणि त्याला आधारही आहे. पण साबण चांगला आहे का, आपल्या पाण्यात चालतो का आणि ही कंपनी खानदेशाला काय देते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जिव्हाळ्यापोटी तिन्हींचं एकच उत्तर दिलं जातं. म्हणून आधी वडी, मग पाणी आणि मग कंपनी, अशा क्रमानं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. रोजच्या आंघोळीचा साबण म्हणून संतूर घ्यायला हरकत नाही. वास सौम्य आहे आणि घरातल्या सगळ्यांना चालतो. मात्र चंदन आणि हळदीपोटी त्याच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये. पाकिटामागची घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. बहुतेक साबणांत सुरुवातीला पाम तेलापासून झालेले साबणाचे क्षार, पाणी आणि टाल्कसारखा भराव दिसतो, नावातली वनस्पती बहुतेक वेळा यादीच्या शेपटाकडे. शिवाय साबण अंगावर अर्धा-एक मिनिट राहतो आणि धुऊन जातो. उटणं अंगावर वाळेपर्यंत ठेवतात, ते काम वडीनं होत नाही.

पाकिटावर खरं वाचायचं ते टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकानुसार (आयएस 2888) आंघोळीच्या साबणाचे तीन दर्जे आहेत: ग्रेड 1 ला किमान 76 टक्के, ग्रेड 2 ला 70 आणि ग्रेड 3 ला 60. याहून खाली ‘बेदिंग बार’ असतो, त्याचं मानक वेगळं (आयएस 13498) आणि किमान टीएफएम फक्त 40. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि पाकिटं सारखीच चकचकीत. एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या रंगांच्या वड्यांचा दर्जा वेगळा असू शकतो आणि काही वर्षांनी तो बदलूही शकतो. म्हणून ‘संतूर अमुक ग्रेडचा’ असं ऐकीव धरू नये, हातातल्या पाकिटाची मागची बाजू वाचावी.

तुलना करायची रीत सोपी आहे. पाकिटावर आता प्रति ग्रॅम दर छापलेला असतो. त्याला टीएफएमनं भागायचं. समजा, 100 ग्रॅमची एक वडी 40 रुपयांना आहे आणि टीएफएम 76 टक्के. म्हणजे 76 ग्रॅम स्निग्धाम्लाला 40 रुपये, ग्रॅमला साधारण 53 पैसे. दुसरी वडी 36 रुपयांना आणि टीएफएम 60. ग्रॅमला 60 पैसे पडले. स्वस्त दिसणारी वडी महाग निघाली. घाऊक बाजारात चार वड्यांच्या जोडपाकिटात वजन वेगळं असतं, तेही पाहावं. साबण कंपन्या किंमत तीच ठेवून ग्रॅम कमी करतात, विशेषतः 10 रुपयांच्या वडीत. 22 सप्टेंबर 2025 पासून आंघोळीच्या वडीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या आठवणीतली किंमत आणि आजची किंमत यांची सांगड घालताना हे धरावं लागतं.

आता पाणी. खानदेशात साबणाबद्दलच्या निम्म्या तक्रारी साबणाच्या नसतातच, त्या बोअरच्या असतात. काळ्या खडकाच्या भेगांतून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात, बोलण्यात जड पाणी. साबण अशा पाण्यात पडला की आधी कॅल्शियमशी बांधला जातो आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. मोरीच्या फरशीवर, बादलीच्या कडेला आणि केसांत चिकटतो तो हाच. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम संपेपर्यंत फेस धरत नाही.

किती साबण वाया जातो, त्याचाही हिशेब मांडता येतो. पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगतात. त्याच्या 1 ग्रॅमला साधारण 6 ग्रॅम साबण खर्ची पडतो. लिटरला 400 मिलिग्रॅम जडपणा असलेल्या एक लिटर पाण्यात साबण घोळवला, तर अदमासे 2.4 ग्रॅम शुद्ध साबण फेसाआधीच गेला. वडीत पाणी आणि भरावही असतो, म्हणून वडीतून तीन ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस 10500) जडपणाची इष्ट मर्यादा 200 आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा 600 मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा साबणाला वाईट असू शकतं.

घरच्या घरी पाहायचं असेल तर झाकणाच्या पारदर्शक बाटल्या दोन घ्याव्यात. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी, दोन्ही सारखंच. दोन्हींत हरभऱ्याएवढा साबणाचा कीस टाकून वीसेक वेळा हलवायचं. दुसऱ्या बाटलीत फेस लगेच धरेल. पहिलीत दुधासारखं गढूळ पाणी आणि वर साका दिसला, तर दोष वडीचा नाही. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासता येतो.

उपायांत दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. तुरटीनं गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. पाणी उकळल्यानं बायकार्बोनेटचा जडपणा खाली बसतो (बंबात जमणारा पापुद्रा तोच), पण सल्फेट आणि क्लोराईडचा तसाच राहतो. पैसे न घालता होणारा उपाय आंघोळीच्या पद्धतीत आहे. अंग एका तांब्यानं नुसतं ओलं करायचं, पाणी निथळू द्यायचं, वडी थेट अंगावर किंवा ओल्या पंच्यावर फिरवून फेस करायचा आणि मगच पाणी घ्यायचं. वडी बादलीत बुडवणं किंवा धारेखाली धरणं म्हणजे ती पाण्याला खाऊ घालणं. जड पाण्यात जास्त टीएफएमच्या वडीचा फायदा अधिक जाणवतो, कारण साका होऊनही फेसाला साबण उरतो. केसांना मात्र अशा पाण्यात कुठलीच वडी लावू नये. शाम्पूतले घटक कॅल्शियमशी असे बांधले जात नाहीत.

साबण आम्लारीधर्मी असतो, पीएच 9 ते 10 च्या आसपास. हिवाळ्यात कातडी आधीच फुटते, त्यात जड पाण्याचा साका अंगावर राहिला की खाज वाढते. तेव्हा साबण काखा, मान, पाय इतक्यापुरता वापरावा आणि आंघोळ झाल्यावर अंग दमट असतानाच खोबरेल लावावं.

वडी टिकवण्याबद्दल थोडं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या दुकानातला साबण वजन गमावतो. म्हणूनच पाकिटावर ‘भरतेवेळचं वजन’ असं लिहिलेलं असतं. दिवसभर वाळणारी आणि दोनदा भिजणारी वडी चिरते आणि चिरांत मळ बसतो. उलट पावसाळ्यात तळाला पाणी साचलेल्या साबणदाणीत ती लिबलिबीत होऊन गळते. साबणदाणी जाळीची असावी. वडी आडवी कापून अर्धी वापरायला काढली तर भिजणारा भाग कमी राहतो. उरलेली कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी, ती आणखी कडक होते आणि सावकाश झिजते.

आता कंपनीकडे वळू, कारण ही वडी मुळात तेलाच्या धंद्यातून आली आहे.

29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला कंपनी नोंदवली. तिचं पुढचं प्रचलित नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. भोवती भुईमूग आणि कापूस, म्हणजे शेंगदाणा आणि सरकी, आणि गावातून सुरत-भुसावळ रेल्वे. प्रताप मिल या कापडगिरणीमुळे कारखान्याची शिस्त गावाला परकी नव्हती. माल होता वनस्पती तूप आणि शुद्ध केलेलं तेल. सनफ्लॉवर हे त्या तुपाचं नाव.

तेल शुद्ध करताना त्यातली मोकळी आम्लं कॉस्टिक सोड्यानं काढतात. ती तळाशी चिकट गाळ होऊन बसतात, त्याला धंद्यात सोपस्टॉक म्हणतात. हा गाळ फेकला तर नुकसान आणि शिवाय घाण. त्यातूनच कपडे धुण्याचा 787 साबण निघाला. टाकाऊतून साबण, हे या कंपनीचं पहिलं बाळकडू. आंघोळीचा साबण त्यानंतर बराच उशिरा, 1980 च्या दशकाच्या मध्यात आला. संदल आणि टर्मरिक यांची आद्याक्षरं जोडून संतूर. आजचा साबण सोपस्टॉकचा नसतो. त्यासाठी तेलातली स्निग्धाम्लं वेगळी करून ऊर्ध्वपातनानं स्वच्छ करतात, कॉस्टिकनं त्यांचे क्षार करतात, त्याच्या शेवया (नूडल्स) पाडतात. मग वास, रंग, भराव मिसळून ते रोलरमधून काढतात आणि प्लॉडर नावाच्या यंत्रातून हवा काढून दाबून लांब पट्टी करतात. ती कापून, ठसा मारून पाकिटात. प्लॉडरमध्ये हवा राहिली किंवा ओल कमी-जास्त झाली, तर वडी पुढे मोरीत चिरते, म्हणून सगळी चीर उन्हामुळेच असंही नाही.

1966 मध्ये महंमद प्रेमजी वारले आणि अझीम प्रेमजी वयाच्या 21 व्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परतले. 1977 मध्ये नाव विप्रो प्रॉडक्ट्स लिमिटेड झालं आणि 1980 च्या दशकात नुसतं विप्रो लिमिटेड. तोवर संगणकाचा धंदा सुरू झाला होता. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्या गोष्टीमुळेच मोठा घोळ होतो: विप्रो म्हणजे एक कंपनी, असं लोक धरून चालतात.

2013 मध्ये साबण, दिवे आणि हायड्रॉलिक यंत्रांचा धंदा विप्रो लिमिटेडमधून काढून विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीत टाकला. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. म्हणजे आज बाजारातून विप्रोचा शेअर घेणारा माणूस संगणक सेवेच्या कंपनीचा भागीदार होतो, संतूरचा नव्हे. संतूर विकणारा विभाग विप्रो कन्झ्युमर केअर अँड लायटिंग, मुख्यालय बंगळुरूला. तिसरी संस्था अझीम प्रेमजी फाउंडेशन, ती ना साबण विकते ना संगणक सेवा.

बहुराष्ट्रीय हा शब्दही इथे उलट्या दिशेनं लागू होतो. हिंदुस्तान युनिलिव्हरची घडण बाहेरून आत: परदेशी मूळ कंपनीनं 1931 मध्ये वनस्पती तुपासाठी एक आणि 1933 मध्ये साबणासाठी दुसरी भारतीय कंपनी काढली, 1956 मध्ये ती एकत्र आली आणि आजही बहुसंख्य भाग (शेअर) मूळ कंपनीकडे आहेत. अमळनेरची कंपनी आतून बाहेर गेली. 2007 मध्ये सिंगापूरची उन्झा विकत घेतली, तिच्यामुळे मलेशिया, व्हिएतनाम, इंडोनेशियात पाय रोवले. 2009 मध्ये 1770 पासूनच्या लंडनच्या यार्डलीचा आशियातला धंदा आला. 2019 मध्ये फिलिपिन्सची स्प्लॅश आणि दक्षिण आफ्रिकेची कॅनवे. 2022-23 मध्ये उलाढाल 10,000 कोटी रुपयांपलीकडे गेली. तयार बाजार असलेला ब्रँड घ्यायचा आणि त्याच्या वितरणाच्या जाळ्यावर आपला माल चढवायचा, ही पद्धत. केरळातल्या चंद्रिका साबणाच्या बाबतीत देशातही तेच केलं. धंदा म्हणून ही चाल शहाणपणाची आहे. पण निर्णयाचं टेबल त्यामुळे अमळनेरपासून फार दूर गेलं, हेही तितकंच खरं.

अमळनेरला या कंपनीनं सर्वांत मोठं काय दिलं असेल तर ते भाग. 1946 मध्ये भागविक्री झाली. गावातल्या व्यापारी, शेतकरी, नोकरदार घरांत शेअर आले आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांचं भलं झालं. याबद्दल गावागावात अफाट आकडे फिरतात, म्हणून फक्त बोनसचा हिशेब मांडून पाहू. 1997 च्या बोनसआधी 10 रुपये दर्शनी किमतीचे 100 शेअर होते असं धरा. 1997 मध्ये एकास दोन बोनस (एका शेअरमागे दोन नवे फुकट): 300. 1999 मध्ये 10 रुपयांचा शेअर 2 रुपयांच्या पाचांत फोडला: 1,500. 2004 मध्ये एकास दोन: 4,500. 2005 मध्ये एकास एक: 9,000. 2010 मध्ये तीनास दोन: 15,000. 2017 मध्ये एकास एक: 30,000. 2019 मध्ये तीनास एक: 40,000. डिसेंबर 2024 मध्ये एकास एक: 80,000. लाभांश वेगळा आणि 1997 च्या आधीचे बोनस या हिशेबात धरलेलेच नाहीत.

2013 च्या विभाजनात विप्रोच्या दर 5 शेअरमागे निवासी भागधारकाला पर्याय होते: विप्रो एंटरप्रायझेसचा 10 रुपयांचा एक शेअर, किंवा 50 रुपयांचा 7 टक्के व्याजाचा एक प्राधान्य शेअर, किंवा नव्या कंपनीच्या 1.65 शेअरच्या बदल्यात प्रवर्तकांकडचा विप्रोचा एक शेअर. जुन्या कागदांत त्या वेळी काय निवडलं होतं ते शोधावं.

पेटीत जुन्या नावाची कागदी प्रमाणपत्रं सापडली तर ती रद्दी नाही. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आधी डीमॅटमध्ये (शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात) आणावे लागतात. त्याआधी आयएसआर-1 अर्जानं पॅन, पत्ता, बँक खातं आणि आयएसआर-2 अर्जानं बँकेनं साक्षांकित केलेली सही कंपनीच्या रजिस्ट्रारकडे द्यावी लागते. मूळ धारक वारला असेल तर वारसाचे कागद. सात वर्षं सलग लाभांश घेतला गेला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) गेलेले असतात. ते आयईपीएफ-5 हा ऑनलाइन अर्ज करून परत मिळतात. बहुतेक प्रकरणं अडतात ती नावातल्या फरकामुळे: प्रमाणपत्रावर आजोबांचं नाव एका प्रकारे, मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. किमतीच्या टक्क्यांवर काम करून देणारे मध्यस्थ फिरतात. अर्ज भरायला टक्केवारी द्यायची गरज नसते आणि मूळ प्रमाणपत्र तर कुणा मध्यस्थाच्या हाती देऊच नये.

सामाजिक जबाबदारीच्या बाबतीत कोणतं काम कोणत्या खिशातून होतं, हे वेगळं करून पाहावं लागतं. अझीम प्रेमजी फाउंडेशनचं काम देशात अतुलनीय आहे. मार्च 2019 मध्ये प्रेमजींनी विप्रो लिमिटेडच्या आणखी 34 टक्के भागांचं उत्पन्न फाउंडेशनला दिलं, तेव्हाच्या भावानं 52,750 कोटी रुपये. त्यानंतर एकूण देणगी सुमारे 1.45 लाख कोटी आणि विप्रो लिमिटेडमधला आर्थिक हिस्सा 67 टक्के झाला. सरकारी शाळा, शिक्षक प्रशिक्षण, बंगळुरूचं विद्यापीठ ही कामं त्यातून चालतात. हे एका माणसानं आपल्या मालकीतून दिलेलं दान आहे. संतूरची वडी घेतल्यानं त्यात थेट भर पडते असं मानण्यात अर्थ नाही.

साबणाच्या कंपनीला लागू असतो तो कंपनी कायदा 2013 चं कलम 135: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के सामाजिक कामावर. त्याच कलमात आपल्या कामाच्या भोवतालच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही लिहिलं आहे. प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे.

आणि इथे आमची या कंपनीबद्दलची खरी नाराजी आहे. संतूर शिष्यवृत्ती ही चांगली योजना. सरकारी शाळेतून दहावी आणि सरकारी शाळा-महाविद्यालयातून बारावी झालेल्या गरीब घरच्या मुलींना पदवी पूर्ण होईपर्यंत वर्षाला 24,000 रुपये. पैसे फीपुरते बांधलेले नाहीत, राहण्या-जेवणाला वापरता येतात, हा त्यातला मोठा शहाणपणा. पण 2024-25 च्या फेरीतली राज्यं पाहा: आंध्र प्रदेश, तेलंगणा, कर्नाटक आणि छत्तीसगड. संतूरचा सर्वांत मोठा खप दक्षिणेत आहे, त्यामुळे कंपनीनं तिकडे सुरुवात केली हे समजण्यासारखं आहे. तरी ज्या तालुक्यात कंपनी जन्मली तिथली, किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतून बारावी झालेली मुलगी त्या फेरीत अर्जसुद्धा करू शकत नव्हती. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटतं ते फीपेक्षा जळगाव-धुळ्याच्या खोलीभाड्यामुळे आणि एसटीच्या खर्चामुळे, म्हणजे ही शिष्यवृत्ती ज्या खर्चाला उपयोगी पडते नेमक्या त्याच खर्चामुळे.

ही मागणी कुठे पोचवायची, तर कायद्यानंच जागा करून दिली आहे. ज्या कंपन्यांना कलम 135 लागू आहे, त्यांना सामाजिक खर्चाचं धोरण, समितीची नावं आणि मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. त्यातल्या प्रकल्पांच्या यादीत राज्य आणि जिल्हा दिला आहे का ते पाहावं. ‘महाराष्ट्र’ आणि ‘जळगाव’ किती ओळींत आहे ते मोजावं, समितीला लेखी पत्र लिहावं आणि पत्रात आकड्यांवर बोट ठेवून विचारावं. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी सरकारी शाळेतून आलेल्या मुलींची संख्या काढून ती पत्राला जोडली, तर मागणीला वजन येईल.

आणि वडी अमळनेरचीच हवी असेल तर पाकिटावर एकाहून अधिक कारखान्यांचे पत्ते असू शकतात. अशा वेळी कोणत्या पत्त्यासमोर कोणतं अक्षर आहे ते पाहायचं आणि बॅच क्रमांकात तेच अक्षर आहे का ते जुळवायचं.